ऋणाचा हिशेब मांडणारे अर्थशास्त्रज्ञ : प्रा. धनंजयराव गाडगीळ

दुर्ग जिल्ह्यात मार्गशीर्ष लागला की गावोगावच्या सहकारी सोसायट्यांपुढे धानाच्या पोत्यांच्या थप्प्या उभ्या राहतात. ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात, ओलावा तपासला जातो, काट्यावर वजन होते आणि काही दिवसांनी शेतकऱ्याच्या खात्यात पैसे जमा होतात. परंतु ते पुरते जमा होत नाहीत. पावसाळ्यापूर्वी त्याच सोसायटीकडून बियाण्याखतासाठी घेतलेले कर्ज त्यातून आधीच वजा झालेले असते. ह्या वजावटीला इकडे 'लिंकिंग' असे नाव आहे, आणि अक्षरओळख नसलेली म्हातारी माणसेही हा इंग्रजी शब्द सराईतपणे वापरतात.

काही वर्षांपूर्वी छत्तीसगढीतील भाषांतराचा कच्चा मसुदा घेऊन आम्ही एका खेड्यात बसलो होतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेत पापासाठी 'ऋण' हाच शब्द येतो, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्या ओळीसाठी आम्ही 'करजा' हा बोलीतला शब्द योजला होता. वाचन झाल्यावर एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले, की हा करजा सोसायटीचा की सावकाराचा? मंडळी हसली. मला मात्र हसू आले नाही. पिकाबरोबर फिटणारे कर्ज आणि पिढ्यान्‌पिढ्या न फिटणारे कर्ज ही दोन्ही त्याने पाहिली होती, आणि आमच्या एका शब्दात ती दोन्ही कोंबली गेली होती. शब्दाचा निर्णय आम्ही पुढे यथावकाश केला. पण पहिल्या प्रकारचे कर्ज आपल्या देशात कसे जन्मास आले, कोणी त्याचा विचार केला, ह्याचा शोध घेऊ लागलो, तेव्हा वाट पुण्याच्या एका अर्थशास्त्रज्ञाच्या दारी जाऊन पोहोचली. ते म्हणजे प्रा. धनंजय रामचंद्र गाडगीळ.

त्यांचा जन्म १० एप्रिल १९०१ चा. बालपण व शालेय शिक्षण नागपुरास झाले. आम्हां दुर्गकरांस ह्या गोष्टीचे थोडे अगत्य वाटते, कारण नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होती आणि १९०६ साली निर्माण झालेला आमचा जिल्हा त्याच प्रांतात मोडत होता. कचेरी, न्यायालय, कॉलेज, सर्व काही नागपूरचे. इकडची जुनी मराठी घराणी ह्याच संबंधाने येथे आली आणि स्थिरावली. पुढे १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, आणि २००० साली छत्तीसगढात आलो. सीमा सरकल्या. शेतकऱ्याचा प्रश्न मात्र दोन्ही बाजूंना एकच राहिला.

पहिले महायुद्ध संपण्याच्या सुमारास तरुण धनंजय केंब्रिजला गेले. तेथे अर्थशास्त्राचा अभ्यास करून त्यांनी हिंदुस्थानच्या अर्वाचीन औद्योगिक उत्क्रांतीवर प्रबंध लिहिला आणि तो १९२४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. तेव्हा लेखकाचे वय होते तेवीस. हे पुस्तक पुढे अनेक दशके विद्यापीठांतून अभ्यासले गेले. त्यात कारखान्यांचा इतिहास आहे तसा शेतीचा आणि दुष्काळांचाही आहे. गिरणीचा भोंगा वाजू लागला म्हणजे खेड्यातील विणकराचे व कुणब्याचे काय होते, हा प्रश्न त्यांनी त्या वयातच हाती घेतला होता. मायदेशी परतल्यावर काही काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात आणि मग सुरतेच्या कॉलेजात प्राचार्य म्हणून त्यांनी काम केले. हा भाग मी भराभर सांगतो, कारण त्यांचे खरे काम ह्यानंतर सुरू झाले.

१९३० साली साताऱ्याचे रावबहादूर रावजी रामचंद्र काळे ह्यांनी दिलेल्या देणगीतून भारत सेवक समाजाने पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन केली. नामदार गोखल्यांच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या ह्या संस्थेचे पहिले संचालक म्हणून गाडगीळ आले आणि १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, तेथेच राहिले.

त्या काळी आपल्याकडील अर्थशास्त्र बहुधा ग्रंथालयात बसून लिहिले जाई. सरकारी अहवालांतील आकडे घ्यावेत, इंग्रज पंडितांची मते त्यांवर बसवावीत आणि निष्कर्ष काढावा, अशी रीत होती. गाडगीळांनी आपल्या सहकाऱ्यांस बाहेर पाठविले. पुण्याच्या बाजारात फळे कोठून येतात, अडत्या किती घेतो आणि बागाइतदाराच्या हाती काय पडते, ह्याची पाहणी संस्थेने आरंभीच केली. सहा जिल्ह्यांतील मोटार वाहतुकीची केली. वाई तालुक्यातील शेतकऱ्यांच्या घरी जाऊन त्यांच्या शेतीचा जमाखर्च मांडला. पुणे शहरातील कुटुंबांची आर्थिक व सामाजिक पाहणी केली. आज हे सारे साधे वाटते. पण कुणब्याच्या घरी जाऊन त्याच्या बैलाला किती कडबा लागला आणि सावकाराला किती दिले हे विचारणे, त्याचे उत्तर अर्थशास्त्राचा पुरावा म्हणून स्वीकारणे, ही त्या काळी नवी गोष्ट होती. भाषांतरकाराला हे चटकन समजते. शब्दकोशात शब्दाचा अर्थ सापडतो, पण तो खरा आहे की नाही हे बोलणाऱ्याच्या ओसरीवरच कळते.

ह्याच संस्थेच्या व्यासपीठावर २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संघराज्याच्या प्रश्नावर आपले प्रसिद्ध व्याख्यान दिले. गाडगीळ स्वतः त्या विषयाचे अभ्यासक होते आणि भारतासारख्या देशात प्रदेशांना आपापल्या विकासाचा विचार करण्याची मोकळीक असावी, ह्या मताचे होते. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीलाही त्यांनी अभ्यासाचे पाठबळ दिले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दख्खनच्या शेतकऱ्याचे कर्जबाजारीपण जुने आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे लुटली आणि कर्जरोखे जाळले. चार वर्षांनी सरकारने कायदा केला. त्याने कोर्टकचेऱ्यांत थोडा दिलासा मिळाला, पण पेरणीच्या वेळी लागणारा पैसा कायद्याच्या कलमांतून उगवत नाही. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. त्याचा नमुना जर्मनीतला होता. ऱ्हाइन नदीच्या बाजूच्या खेड्यांत ग्रामाधिकारी असलेल्या फ्रीडरिख विल्हेल्म रायफायझेन (१८१८-१८८८) ह्या श्रद्धाळू प्रॉटेस्टंट गृहस्थाने दुष्काळात गांजलेल्या शेतकऱ्यांसाठी पतपेढ्या काढल्या होत्या. आरंभी त्याने श्रीमंतांकडून दान मिळवून पाहिले. पुढे त्याच्या लक्षात आले, की दानाने वर्ष निघते, परंतु गावाने एकमेकांचा जामीन घेतला तरच पुढचे वर्षही निघते. तो नमुना हिंदुस्थानात आला खरा. पण येथे पतपेढी सरकारी कारकुनाने काढायची आणि गावच्या सावकाराने किंवा पाटलाने चालवायची, असे पुष्कळ ठिकाणी झाले.

१९४४ मध्ये हिंदुस्थान सरकारने शेतीच्या पतपुरवठ्याचा विचार करण्यासाठी गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली एक उपसमिती नेमली. तिचा अहवाल १९४५ चा. फिटणे अशक्य असलेली जुनी कर्जे आधी तोडजोड करून कमी केली पाहिजेत, आणि सहकारी पतपेढ्या जेथे दुबळ्या आहेत तेथे प्रांताने शेती पतपुरवठ्याची स्वतंत्र सरकारी महामंडळे स्थापावीत, असा तिचा अभिप्राय होता. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे ज्यांचे नाव सहकाराशी कायमचे जोडले गेले, ते गाडगीळ १९४५ साली सहकारावर सर्वस्वी विसंबून राहायला तयार नव्हते. दहा वर्षांनी त्यांचे मत बदलले. मधल्या काळात ते प्रवरेच्या काठी जाऊन आले होते.

अहमदनगर जिल्ह्यात, ज्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, गोदावरी व प्रवरा ह्या नद्यांचे कालवे ब्रिटिश अमदानीत झाले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. दुष्काळापासून संरक्षण म्हणून काढलेल्या ह्या पाटांवर ऊस डोलू लागला. शेतकरी गुऱ्हाळे घालीत आणि गूळ बाजारात नेत. जागतिक मंदीत गुळाचा भाव कोसळला, तेव्हा पाणी असूनही ते कर्जात बुडाले. १९३२ नंतर साखरेला जकातीचे संरक्षण मिळाले आणि खाजगी कारखाने वाढले. त्यांनी पाटाखालच्या जमिनी खंडाने घेऊन आपापले उसाचे मळे उभे केले. ज्याची जमीन, तोच पुष्कळदा त्या मळ्यावर रोजंदारीने जाऊ लागला. त्या काळी मॉरिशस, जावा, फिजी, वेस्ट इंडीज, जेथे जेथे साखर होती तेथे थोड्याफार फरकाने हीच कथा होती. मोठा मळा परक्या भांडवलाचा आणि कष्ट स्थानिकांचे किंवा दुरून आणलेल्या मजुरांचे. साखर म्हटली की मळेवाला आलाच, असा जगाचा समज होता.

गाडगीळांनी ह्या दोन्ही कालव्यांच्या लाभक्षेत्राची पाहणी केली. तिचा वृत्तान्त १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाटाखालची गावे आणि कोरडवाहू गावे समोरासमोर ठेवून, सरकारला मिळणाऱ्या पाणीपट्टीखेरीज कालव्याने आणखी काय काय दिले, मजुरी किती वाढली, व्यापार किती वाढला, ह्याचा हिशेब त्यांनी मांडला. धरणाचा फायदा महसुलाच्या वहीत मावत नाही, हे आकड्यांनिशी दाखविणाऱ्या आरंभीच्या अभ्यासांत त्याची गणना होते.

ह्याच टापूत लोणी गावचे विठ्ठलराव विखे पाटील हे फारसे शालेय शिक्षण न झालेले, पण विलक्षण चिकाटीचे शेतकरी गावोगाव हिंडून सांगत होते, की आपला ऊस आपणच गाळावा. १९४५ मध्ये बेलापूर रोड, म्हणजे आजचे श्रीरामपूर, येथे कालव्यावरील बागाइतदारांची परिषद भरली. तिच्या अध्यक्षपदी गाडगीळ होते. शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना काढावा, हा विचार तेथे पक्का झाला. असे पुष्कळ विचार परिषदांत पक्के होतात आणि मांडव सोडताना तेथेच राहतात. हा राहिला नाही. विखे पाटलांनी शेअर गोळा केले. मुंबई राज्याचे अर्थ व सहकार मंत्री वैकुंठभाई मेहता ह्यांनी सरकारचे बळ दिले. आणि गाडगीळांनी कारखान्याचे अध्यक्षपद स्वीकारले.

ह्या शेवटच्या वाक्यापाशी थोडे थांबावेसे वाटते. केंब्रिजचा पदवीधर, संशोधन संस्थेचा संचालक, ज्याचे ग्रंथ विद्यापीठांत लावले जातात, अशा माणसाने एका खेड्यातील अजून न उभारलेल्या कारखान्याचे अध्यक्ष व्हावे, ह्यात लौकिकदृष्ट्या लाभाचे काही नव्हते. कारखाना बुडाला असता तर शेतकऱ्यांचे शेअर बुडाले असते आणि ज्याने सल्ला दिला त्याचे नावही. सरकार आणि वित्तसंस्था ह्यांचा विश्वास बसावा म्हणून त्या नावाची गरज होती, हे उघड आहे. पण केवळ नाव देऊन ते बाजूला झाले नाहीत. पहिली सुमारे दहा वर्षे ते अध्यक्ष राहिले आणि मग ते पद विखे पाटलांकडे आले.

प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले गळीत १९५०-५१ च्या हंगामात झाले. व्यवस्था अशी होती. कारखान्याने स्वतःचा मळा करायचा नाही. जमीन ज्याची त्याच्याच ताब्यात राहील, ऊस तोच लावील. सभासदाचे शेअर किती का असेनात, मत एकच. उसाचा भाव हंगामाअखेर साखरेच्या विक्रीवरून ठरेल आणि त्यातून थोडी रक्कम बिनपरतीच्या ठेवी म्हणून कापून तिच्यातून कारखान्याचे कर्ज फेडले जाईल. म्हणजे दर टनामागे थोडे थोडे देऊन शेतकरी यंत्रांचा मालक होत गेला. कर्ज होते, पण ते पिकाबरोबर फिटत होते. काही वर्षांतच महाराष्ट्रात अशा कारखान्यांची रांग लागली, आणि ऊस जेथे कधी फारसा नव्हता त्या प्रदेशांतही ही कल्पना पोहोचली. आमच्या जुन्या दुर्ग जिल्ह्यातून २०१२ मध्ये वेगळ्या झालेल्या बालोद जिल्ह्यात करकाभाट येथे सहकारी साखर कारखाना आहे. तांदुला जलाशयाच्या ह्या परिसराला लोक धानाचा प्रदेश म्हणून ओळखतात; तेथे उसाच्या ट्रॉल्या पाहिल्या की मला लोणीची आठवण होते.

परंतु आपल्या वाचकांपैकी पुष्कळ जण ह्याच नगर जिल्ह्यातले आहेत. राहुरी, श्रीरामपूर, राहाता, संगमनेर ह्या पट्ट्यात ख्रिस्ती मंडळ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांना ही कथा दुसऱ्या बाजूनेही ठाऊक आहे. सभासद होण्यासाठी ऊस हवा, उसासाठी पाटपाण्याखालची जमीन हवी. ज्या समाजांतून आपले पूर्वज आले, त्यांच्यापैकी बहुतेकांजवळ अशी जमीन नव्हती. त्यांना कारखान्याने रोजगार दिला, रस्ते व शाळाही जवळ आणल्या, पण मालकी दिली नाही. आणि ऊसतोडणीला येणाऱ्या मजुरांचे काय? मुकादमाकडून हंगामाआधी उचल घ्यायची, नवराबायकोने मिळून एक कोयता व्हायचे, पाचटाच्या खोपीत राहून थंडीत पहाटे फडात जायचे, आणि हंगाम संपला तरी उचल फिटली नाही म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे यायचे. ऊस पिकविणारा सावकाराच्या वहीतून सुटला. ऊस तोडणाऱ्याचे नाव दुसऱ्या वहीत चढले. गाडगीळांना ग्रामीण समाजातील विषमता दिसत नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही. त्यांच्या लेखनात ती जागोजाग आहे. तरीही सहकार वाढत गेला की दुर्बळांनाही तो सामावून घेईल, ही त्यांची अपेक्षा ह्या एका ठिकाणी फळास आली नाही, असे मला म्हणावेसे वाटते. ज्याच्याजवळ घालायला काहीच नाही त्याला सभासद कसे करावे, ह्याचे उत्तर सहकाराच्या कायद्यात नव्हते.

१९५१ मध्ये रिझर्व्ह बँकेने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी हाती घेतली. तिच्या मार्गदर्शक समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला होते, आणि सदस्यांत गाडगीळ, बी. वेंकटप्पय्या व एन. एस. आर. शास्त्री. देशातील ७५ जिल्ह्यांतल्या ६०० गावांत जाऊन १,२७,३४३ कुटुंबांची माहिती गोळा केली गेली. वाई तालुक्यात जे लहान प्रमाणावर झाले होते, ते आता देशभर झाले. १९५४ साली अहवाल आला आणि त्यातील एका कोष्टकाने दिल्लीला हादरविले. शेतकऱ्याने घेतलेल्या दर शंभर रुपयांच्या कर्जात सरकारचा वाटा ३.३ रुपये, सहकारी संस्थांचा ३.१, व्यापारी बँकांचा ०.९. सावकारांचा, धंदेवाईक व शेतकरी सावकार मिळून, ६९.७. म्हणजे पन्नास वर्षे सहकाराचा गवगवा होऊन शंभरातले तीन रुपये हाती लागले होते.

ह्या आकड्यावरून दोन निष्कर्ष निघू शकत होते. एक, सहकार सोडून द्यावा. समितीने दुसरा काढला. सहकार फसला हे तिने स्पष्ट मान्य केले, पण खेड्यातल्या दुबळ्या माणसाला दुसरा आधार नाही, म्हणून तो यशस्वी करण्यावाचून गत्यंतर नाही, असे ठरविले. फसला तो का, ह्याचे तिचे निदान असे, की दुबळ्यांची लहानशी संस्था गावातल्या बळकट सावकार-व्यापाऱ्यापुढे एकटी उभी राहू शकत नाही. तिच्या पाठीशी राज्याचे भांडवल हवे. आणि नुसते कर्ज देऊन भागत नाही. कर्ज जमिनीच्या तारणावर नव्हे तर उभ्या पिकाच्या भरवशावर मिळावे, ते पीक सहकारी संस्थेमार्फतच विकले जावे, आणि विक्रीच्या रकमेतून कर्ज वसूल व्हावे. गोदामे बांधावीत, म्हणजे कापणीबरोबर पडेल भावाने माल काढावा लागणार नाही. इंपीरियल बँकेचे रूपांतर करून खेड्यांपर्यंत जाणारी सरकारी बँक करावी. ह्यातली शेवटची सूचना लगेच अमलात आली; १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक ऑफ इंडिया अस्तित्वात आली. दुर्गच्या सोसायटीत आज ज्याला लिंकिंग म्हणतात, त्याचे मूळ पतपुरवठा आणि विक्री ह्यांची सांगड घालण्याच्या त्या सूचनेत आहे. प्रवरेला उसाच्या बाबतीत हे आधीच घडत होते.

घरी गाडगीळ कसे होते, ह्याविषयी त्यांचे पुत्र व प्रसिद्ध पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ ह्यांनी पुष्कळ लिहिले आहे. पक्षी पाहण्याचा नाद मुलाला वडिलांकडून लागला. कोयनेचे धरण होत होते तेव्हा वडिलांनी त्याला तेथे नेले, आणि देशाला वीज व कारखाने हवेतच, पण त्यासाठी एवढी जंगले तोडावीत व माणसे एवढी हलाखीत लोटावीत काय, असा विचार त्याच्यासमोर मांडला. ते दिवस धरणांच्या कौतुकाचे होते. नियोजनाचा पुरस्कर्ता असलेल्या अर्थशास्त्रज्ञाला त्या वेळी हा प्रश्न पडावा, हे मला त्यांच्या कोणत्याही ग्रंथाइतकेच महत्त्वाचे वाटते. २०११ साली पश्चिम घाटाविषयी माधवरावांच्या समितीने जो अहवाल दिला आणि ज्यावर देशभर वाद झाला, त्याचे बीज कोठे पडले होते हे त्यावरून कळते.

१९६६ मध्ये गाडगीळांनी संस्थेचे संचालकपद सोडले. तेथे वि. म. दांडेकर आले. त्याच वर्षी गाडगीळ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. लगेच पुढच्या वर्षी, १९६७ मध्ये, त्यांना नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीला बोलावले गेले. काळ कठीण होता. लागोपाठ दोन वर्षे अवर्षण पडले होते, परदेशी धान्यावर देश जगत होता, आणि पंचवार्षिक योजनाच तीन वर्षे स्थगित झाली होती. चौथी योजना १९६९ मध्ये सुरू झाली ती त्यांच्या देखरेखीखाली.

त्या वेळच्या त्यांच्या एका कामाला लोकांनी त्यांचेच नाव दिले: गाडगीळ सूत्र. केंद्राकडून राज्यांना योजनेसाठी मिळणारे साहाय्य तोपर्यंत योजनेगणिक, म्हणजे पुष्कळसे दिल्लीच्या मर्जीप्रमाणे, ठरत असे. ज्याचा मंत्री वजनदार त्याची थैली जड. १९६९ पासून हिशेब ठरला. आसाम, नागालँड व जम्मू-काश्मीर ह्यांची गरज आधी भागवायची. उरलेल्या रकमेपैकी ६० टक्के लोकसंख्येनुसार, १० टक्के ज्यांचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी त्यांना, १० टक्के करवसुलीच्या प्रयत्नानुसार, १० टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी आणि १० टक्के राज्यांच्या खास अडचणींसाठी. मध्य प्रदेशासारख्या दरिद्री राज्याला ह्यामुळे आपला वाटा मागावा लागेनासा झाला. तो त्याच्या हक्काचा झाला. सूत्रात पुढे दुरुस्त्या झाल्या. २०१५ च्या आरंभी नियोजन आयोगाची जागा नीती आयोगाने घेतली, आणि त्या सुमारास ते सूत्रही मागे पडले. पण पंचेचाळीस वर्षे त्याच्या आधाराने राज्यांचे पैसे वाटले गेले.

दुसरे काम कमी गाजले, पण आमच्या दारापर्यंत आले. जुलै १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यांच्या शाखा शहरांत. खेड्यात काय करावे हे त्यांना माहीत नव्हते. गाडगीळांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुचविले, की सर्व बँकांनी सर्वत्र धावण्याऐवजी एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेने घ्यावी, तेथील पिके, बाजार व उद्योग ह्यांची पाहणी करावी आणि मग शाखा काढाव्यात. वर्ष संपण्यापूर्वीच रिझर्व्ह बँकेने ह्या धर्तीवर अग्रणी बँक योजना सुरू केली. दुर्ग जिल्हा देना बँकेकडे आला. पुढे तिच्याच पुरस्काराने दुर्ग-राजनांदगाव ग्रामीण बँक निघाली. ती २०१३ मध्ये छत्तीसगढ राज्य ग्रामीण बँकेत, आणि देना बँक स्वतः २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली. भिलाईच्या पोलाद कारखान्यामुळे दुर्गात पैसा फिरत होताच. पण तो रुळांच्या ह्या बाजूला. धानाच्या गावांत बँकेची पाटी दिसू लागली ती ह्या मार्गाने.

दिल्लीत गाडगीळांचे मन कितपत रमले, ह्याविषयी त्यांना ओळखणाऱ्यांनी साशंकपणेच लिहिले आहे. नियोजन म्हणजे जिल्ह्यातून वर येणारी गोष्ट, असे ते मानीत. राजधानीतील कारभाराची चाल त्याच्या उलट होती. १९७१ च्या जानेवारीत त्यांच्या जुन्या संस्थेतील दांडेकर आणि नीलकंठ रथ ह्यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास प्रसिद्ध होऊन विकासाचे फळ तळापर्यंत पोहोचले नाही ह्याची देशभर चर्चा सुरू झाली. मार्चमध्ये लोकसभेची निवडणूक झाली. नवे सरकार आल्यावर नियोजन आयोगाची फेररचना झाली आणि गाडगीळांनी पद सोडले.

सामान आवरून ते पुण्यास निघाले. ३ मे १९७१ रोजी, त्या प्रवासातच, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय सत्तर होते.